एका गुणाने हुकले!

कोलंबसला मुलीच्या घरी फ्रिजच्या दारावर चुंबकाने अडकवलेले पाच कागद होते. दुधाचा हिशेब नाही, नातीचे वेळापत्रक नाही. प्रत्येक कागदावर डावीकडून आणि उजवीकडून रेघा निघून मधोमध एका चौकटीत येऊन मिळत होत्या. रेघांवर कॉलेजांची नावे, काही ठिकाणी लाल फुली, काही ठिकाणी हिरवी खूण. वर पाचजणांची नावे होती: मुलगी, जावई, आठ वर्षांची नात, धारवाडच्या विहीणबाई आणि मी.

हे २०१९ च्या मार्चमधले. ओहायो राज्यात थंडी अजून सरली नव्हती. बेळगावात होळीची तयारी चालू असेल, असे मनात घोळवत मी खिडकीशी बसले होते. तेवढ्यात जावई प्रिंटरमधून कागद घेऊन आले आणि म्हणाले, "आई, तुम्हीपण भरा. एकदा भरून बघाच." मी म्हटले, "अहो, मला बास्केटबॉलमधले काय कळते?" ते हसले. "कळणाऱ्यांचे काय होते तेही बघालच की."

मी भरला. आणि पुढचे तीन आठवडे, वाचकहो, मी त्या कागदाची झाले.

काय असते ही स्पर्धा?

बास्केटबॉल हा खेळ अमेरिकेतच जन्मला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने, हिवाळ्यात मुलांना घरात खेळता यावे म्हणून, पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकून तो सुरू केला. महाविद्यालयांची राष्ट्रीय स्पर्धा १९३९ साली सुरू झाली, तेव्हा संघ होते अवघे ८. पहिले अजिंक्यपद ओरेगॉनने मिळवले. पुढे संघ वाढत गेले. १९८५ मध्ये ते ६४ झाले आणि २०११ मध्ये ६८. जादा संघांच्या चार प्राथमिक लढती आधी उरकतात आणि मुख्य तक्ता ६४ संघांचाच राहतो. महिलांची स्पर्धा १९८२ पासून आहे. २०२४ साली तर महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या सामन्यापेक्षाही अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला.

मार्चमधल्या एका रविवारी सायंकाळी निवड समिती संघ जाहीर करते. चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकन. पहिल्या क्रमांकाची गाठ सोळाव्याशी, पाचव्याची बाराव्याशी, आठव्याची नवव्याशी. हरला तो घरी गेला. दुसरी संधी नाही. ६४ चे ३२, ३२ चे १६, असे करत एप्रिलच्या सुरुवातीला एकच उरतो.

रविवारी तक्ता जाहीर होतो आणि मुख्य फेरी गुरुवारी दुपारी सुरू होते. मधल्या तीन-चार दिवसांत सारा देश हा कागद भरत असतो. सगळ्या ६३ सामन्यांचे निकाल, पहिल्यापासून अजिंक्यवीरापर्यंत, एकही चेंडू पडायच्या आधी लिहून द्यायचे. यालाच तिकडे 'ब्रॅकेट' म्हणतात. २०२४ साली एका क्रीडावाहिनीच्या संकेतस्थळावरच पुरुषांच्या स्पर्धेचे २ कोटींहून अधिक तक्ते भरले गेले. राष्ट्राध्यक्ष असताना बराक ओबामा २००९ पासून दूरचित्रवाणीवर आपला तक्ता भरून दाखवत.

याला 'मार्च मॅडनेस' असे नाव आहे. इलिनॉय राज्यातील शालेय स्पर्धेबद्दल १९३९ मध्ये तेथील एका क्रीडा-अधिकाऱ्याने ते शब्द वापरले आणि १९८२ पासून महाविद्यालयीन स्पर्धेला ते चिकटले. विहीणबाईंनी फोनवर याचे तात्काळ भाषांतर केले: "मार्च तिंगळ हुच्चु!" याहून नेमके भाषांतर मला अजून सुचलेले नाही.

पटावरचा चौसष्टावा चौकोन

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. पहिल्या चौकोनात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत गेल्यावर राजाचे कोठार रिकामे होते. पटाचे चौकोन ६४ आणि स्पर्धेचे संघही ६४. गंमत पाहा, चौसष्टाव्या चौकोनात जितके दाणे येतात, बरोबर तितक्याच प्रकारे हा तक्ता भरता येतो. प्रत्येक सामन्याचे दोन निकाल संभवतात आणि सामने ६३. दोनला दोनाने गुणत गेले की आकडा येतो ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०८. म्हणजे सुमारे ९२ हजार कोटी-कोटी. भारतातील १४० कोटी माणसांनी अन्नपाणी सोडून प्रत्येक सेकंदाला एकेक वेगळा तक्ता भरायचे ठरवले, तरी सगळे प्रकार भरून व्हायला दोनशे वर्षांहून अधिक लागतील.

अर्थात हे नाणेफेक करून भरणाऱ्याचे गणित झाले. पहिल्या मानांकनाचा संघ सोळाव्याला बहुधा हरवतोच. त्यामुळे जाणकाराची संधी बरीच बरी असते. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने, एनसीएएने, तिचा अंदाज दिला आहे: १२ हजार कोटींत एक. आता याला 'बरी' म्हणायचे की काय, ते वाचकांनी ठरवावे.

२०१४ साली एका कर्ज देणाऱ्या कंपनीने, वॉरन बफे यांच्या पाठबळावर, बिनचूक तक्ता भरणाऱ्यास १०० कोटी डॉलर देण्याची घोषणा केली. लाखो लोकांनी भरले. मुख्य फेरीच्या दुसऱ्या दिवसअखेर एकाचाही तक्ता शाबूत राहिला नव्हता. बफेसाहेबांना आकडेमोड येते, हे पुन्हा एकदा सिद्ध झाले.

मी जिथे बसून कागद भरत होते, त्याच कोलंबस शहरातील एका गृहस्थांनी त्याच वर्षी विक्रम केला. ते आजारी होते, तक्ता भरावा की न भरावा अशा विचारात होते. कसाबसा भरला आणि पहिल्या दोन फेऱ्यांचे ४८ च्या ४८ निकाल बरोबर आले. एकोणपन्नासावाही बरोबर. पन्नासाव्या सामन्यात त्यांनी टेनेसीला कौल दिला होता. पर्ड्यूने जादा वेळेत ९९-९४ असा तो सामना काढला. त्याआधीचा ज्ञात विक्रम ३९ चा होता. विक्रमी माणसाचीही गाडी ६३ पैकी ४९ वर थांबली. एकदाही, कोणालाही, हा तक्ता पूर्ण जमल्याची नोंद नाही.

मग जे कोणालाच जमत नाही, त्याच्यामागे कोट्यवधी माणसे दरवर्षी का लागतात? या प्रश्नाने मला तिथेच पछाडले.

बदक, मुंगीखाऊ आणि विहीणबाई

पहिले कारण असे की, या कागदापुढे पंडित आणि अडाणी एकाच पंगतीला बसतात. आमच्या घरचेच पाहा. जावयांनी तीन रात्री आकडेवारी वाचून तक्ता भरला. नातीने संघांची बोधचिन्हे पाहून भरला. ओरेगॉनचे बदक, विस्कॉन्सिनचा बिज्जू. तिला बदक आवडले. कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन विद्यापीठाचे चिन्ह मुंगीखाऊ आहे. मुंग्या खाणारा प्राणी तिने नुकताच चित्रात पाहिला होता, म्हणून तोही पुढे. जावई हसले.

२२ मार्चला तेराव्या मानांकनाच्या मुंगीखाऊंनी चौथ्या मानांकनाच्या कॅन्सस स्टेटला ७०-६४ असे हरवले आणि बाराव्या मानांकनाच्या बदकांनी विस्कॉन्सिनला लोळवले. नात घरभर नाचली. पुढच्याच सामन्यात बदक आणि मुंगीखाऊ समोरासमोर आले, तेव्हा कोणाला रडायचे हा तिला प्रश्न पडला. जावयांच्या कागदावर मात्र लाल फुल्या वाढत होत्या. त्या वर्षी बाराव्या मानांकनाच्या चार संघांपैकी तिघांनी बाजी मारली.

इथे मनाची एक खोड आहे. बाराव्या मानांकनाचा संघ पाचव्याला साधारण तीनात एकदा हरवतो, हे नियमित पाहणाऱ्यांना ठाऊक असते. मग चार लढतींत एखादा धक्का बसणारच, असे म्हणून प्रत्येकजण तो धक्का कुठे बसेल हे शोधू लागतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले की, लोक धक्क्यांचे प्रमाण जवळपास बरोबर धरतात, पण धक्का देणारा संघ मात्र चुकीचा निवडतात. डोळे मिटून वरच्या मानांकनाला कौल दिला असता, तर त्यांचे अधिक निकाल बरोबर आले असते. पण असा तक्ता भरण्यात मजा कसली? 'हा धक्का मी आधीच ओळखला होता' असे म्हणण्याचा आनंद वरच्या मानांकनाला कौल देऊन मिळत नाही.

आणि हे धक्के कधीकधी खरोखर विलक्षण असतात. मुख्य तक्ता ६४ चा झाला त्या पहिल्याच वर्षी, १९८५ मध्ये, आठव्या मानांकनाच्या व्हिलानोव्हाने जॉर्जटाउनला ६६-६४ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. २०२२ मध्ये जर्सी सिटीतील सेंट पीटर्स या छोट्या विद्यापीठाने पंधराव्या मानांकनावरून येऊन बलाढ्य केंटकीला घरी पाठवले आणि शेवटच्या आठांत मजल मारली. २०१८ मध्ये शिकागोच्या लॉयोला विद्यापीठाचा अकराव्या मानांकनाचा संघ शेवटच्या चारांत गेला. त्या संघाच्या धर्मगुरू होत्या सिस्टर जीन, वय वर्षे ९८, चाकांच्या खुर्चीत बसून प्रत्येक सामन्याला हजर. त्यांनीही तक्ता भरला होता आणि त्यात आपला लाडका संघ शेवटच्या सोळांत हरेल असे लिहिले होते! मुलांनी त्यांचा अंदाज खोटा ठरवला, याचा त्यांना कोण आनंद झाला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये १०६ व्या वर्षी त्या निवर्तल्या. भाकीत चुकल्याचा आनंद व्हावा, असे भाग्य थोड्यांच्याच वाट्याला येते.

आता विहीणबाईंची गोष्ट. धारवाडला सकाळ होती, आमच्याकडे रात्र. जावई फोनवर एकेक जोडी वाचत होते आणि त्या कन्नडमध्ये एकेक नाव सांगत होत्या. अजिंक्यवीर कोण, असे विचारल्यावर त्यांनीच उलट विचारले, "गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त नामुष्की कोणाची झाली?" जावई म्हणाले, "व्हर्जिनियाची." १६ मार्च २०१८ रोजी व्हर्जिनिया पहिल्या मानांकनावर असताना सोळाव्या मानांकनाच्या एका अनोळखी विद्यापीठाकडून ७४-५४ असा हरला होता. पुरुषांच्या स्पर्धेत १९८५ पासून तोवर झालेल्या अशा १३५ लढतींत हे कधीच घडले नव्हते. विहीणबाई म्हणाल्या, "मग तोच लिही. अपमान झालेला माणूस नीट खेळतो."

मी लिहिले ड्यूक. सगळ्या ६४ संघांत वरचे मानांकन त्यांचेच होते आणि झायन विल्यमसन नावाचा धिप्पाड मुलगा त्यांच्याकडे होता. जावईही तेच म्हणत होते. पैज पैशांची नव्हती. विहीणबाई जिंकल्या तर मी बेळगावचा कुंदा धारवाडला पोहोचवायचा. मी जिंकले तर त्यांनी धारवाडचे पेढे आणायचे.

'ननग मोदल गोत्तित्तु'

दुसरे कारण म्हणजे आपल्या हाताने लिहिण्याची जादू. एलेन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कचेरीतल्या लोकांना एकेक डॉलरची सोडतीची तिकिटे विकली. काहींना तिकीट स्वतः निवडू दिले, काहींच्या हातात नुसते ठेवले. नंतर विचारले, हे तिकीट परत विकाल का, आणि कितीला? हातात ठेवलेल्यांनी सरासरी सुमारे २ डॉलर मागितले. स्वतः निवडलेल्यांनी ८ डॉलरहून अधिक. तिकीट तेच, संधी तीच, पण 'मी निवडले' एवढ्यानेच त्याचे मोल चौपट झाले. तक्त्यात तर अशा ६३ निवडी असतात. कालपर्यंत नाव न ऐकलेल्या कॉलेजासाठी आपण जीव टाकू लागतो, कारण ते नाव आपल्या अक्षरात लिहिलेले असते.

त्यात गुण देण्याची रीत अशी की, आशा शेवटपर्यंत मरत नाही. आमच्या घरी पहिल्या फेरीच्या बरोबर निकालाला १ गुण, दुसऱ्या फेरीत २, मग ४, ८, १६ आणि अजिंक्यवीर ओळखणाऱ्यास ३२. बहुतेक ठिकाणी हीच दुप्पट होत जाणारी रीत असते. पहिल्या दोन दिवसांत कागद लाल झाला, तरी 'माझा अजिंक्यवीर अजून उभा आहे' म्हणत माणूस टिकून राहतो.

बरोबरीच्या लढतींत तर जीव अधिकच टांगणीला लागतो. माकडांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले की, फळांचा रस मिळण्याची शक्यता नेमकी निम्मी-निम्मी असते, तेव्हा वाट पाहण्याच्या त्या क्षणांत मेंदूतील डोपामिनच्या पेशी सर्वाधिक चाळवतात. रस नक्की मिळणार किंवा नक्की मिळणार नाही, असे कळल्यावर ही चाळवाचाळव उरत नाही. आठव्या आणि नवव्या मानांकनाची लढत अशीच निम्म्या-निम्म्या संधीची. मिळण्यापेक्षा वाट पाहण्यातच गोडी, हे आपल्या आज्यांना प्रयोगाशिवाय कळत होते.

आणि निकाल लागल्यावर? विहीणबाईंचा रोज फोन येई. त्यांचा निकाल बरोबर आला की एकच वाक्य: "ननग मोदल गोत्तित्तु!" मला आधीच ठाऊक होते! चुकला की मात्र, "जावाई... नव्हे, माझा मुलगा घाईत चुकीचे लिहितो." आम्ही सगळेच तसे बोलत होतो. याही खोडीवर १९७५ मध्येच बारूख फिशहॉफ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना एकोणिसाव्या शतकातील इंग्रज आणि गुरखे यांच्या लढाईची माहिती वाचायला दिली. कोणाला सांगितले इंग्रज जिंकले, कोणाला सांगितले गुरखे जिंकले. ज्याला जो निकाल सांगितला, तोच आधीपासून संभवनीय होता, असे प्रत्येकाला वाटले. चुका अशा पुसल्या जातात आणि बरोबर आलेले तेवढे लक्षात राहते. मग पुढच्या मार्चमध्ये पुन्हा वाटते, आपल्याला यातले कळते.

एका आकड्याने

२४ मार्चच्या रविवारी ड्यूकचा सामना सेंट्रल फ्लोरिडाशी होता. शेवटच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याने टाकलेला चेंडू कड्यावर घरंगळला आणि बाहेर पडला. ड्यूक ७७-७६ ने वाचला. मी सोफ्यावरून उठून टाळ्या पिटल्या. दुपारपासून गॅसवर ठेवलेल्या आमटीचे भांडे करपले होते, ते नंतर कळले.

बरोबर आठवड्याने, ३१ मार्चला, मिशिगन स्टेटने ड्यूकला ६८-६७ असे हरवले. एका गुणाने. माझा अजिंक्यवीर गेला, ३२ गुण गेले. मी त्या कागदाकडे पाहत मोठ्याने म्हणाले, "एका गुणाने हुकले. जवळ आलेच होते. पुढच्या वेळी नक्की."

आणि म्हणता म्हणता गप्प झाले, कारण हे वाक्य माझे नव्हते. ते माझ्या काकांचे होते.

वडिलांचे धाकटे भाऊ, कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचे. अक्षर मोत्यासारखे. त्यांच्याकडे एक लांबोडकी वही होती, तिच्यात रोजचा ओपन, रोजचा क्लोज, तारीखवार. आमच्या भागात कोणी मटका म्हणे, कोणी ओसी. हा खेळही मूळचा न्यूयॉर्कशी बांधलेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिथल्या कापूस बाजारातील उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईला येई आणि त्यावर आकडा लागे. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६० च्या दशकात तो मार्ग बंद झाला, तेव्हा आकडे मडक्यातून काढू लागले.

काका मूर्ख नव्हते. दारू नाही, विडी नाही. त्यांना वाटे की आकड्यांना काही चाल असते आणि ती आपल्याला सापडत आली आहे. जोडी हुकली की ते वही मिटून म्हणत, "एका आकड्याने हुकला. जवळ आलाच होता. पुढच्या वेळी नक्की." आजीच्या पाटल्या गेल्या, मग काकूंच्या. शेवटी दुकानाच्या गल्ल्यातले गेले, आणि माझ्या वडिलांनी आपली दोन एकर जमीन विकून ते भरले. काकांना मी कधी हसताना पाहिले असेल, तर ते फक्त त्या वहीवर वाकलेले असताना.

केंब्रिज विद्यापीठातील ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या 'थोडक्यात हुकण्या'चा अभ्यास केला. यंत्रावरची चित्रे फिरून जुळली तर पैसे, अशी रचना. एका घराने हुकले की लोकांना वाईट वाटे, पण पुन्हा खेळण्याची इच्छा वाढे. आणि ती वाढे चित्र त्यांनी स्वतः निवडलेले असले तरच. मेंदूचे जे भाग जिंकल्यावर जागे होतात, तेच हुकल्यावरही जागे होत होते. म्हणजे हरलेल्या माणसाला त्याचे डोके सांगत असते की तू जिंकत आला आहेस. काका गेले त्याला आता चाळीस वर्षे झाली. त्यांना हे कोणी सांगितले असते, तर जमीन वाचली असती असे नाही. पण घरात त्यांना जे बोल लावले गेले, त्यांतले थोडे तरी कमी झाले असते.

कागद आणि फोन

त्या रात्री मी जावयांना काकांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "फरक एवढाच आहे आई, की हा कागद वर्षातून एकदा भरायचा. एकदा भरला की हात बांधले. हरलात तरी पुन्हा लावता येत नाही."

ही मला मोलाची गोष्ट वाटली. पैसे तिथेही लागत नाहीत असे नाही. कचेऱ्यांमध्ये पाच-दहा डॉलर जमा करण्याची पद्धत जुनी आहे. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील एका दारूच्या दुकानात १९७७ मध्ये ८८ जणांनी दहा-दहा डॉलर काढून अशी स्पर्धा सुरू केली; २००६ पर्यंत बक्षिसाची रक्कम १० लाख डॉलरच्या वर गेली आणि मग ती बंद करावी लागली. तरीही कागद तो कागदच. वर्षातून एक, आणि त्याला अंत होता.

मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरील सट्ट्याला आडकाठी करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्द केला. राज्यामागून राज्यांनी सट्टा खुला केला. ओहायोमध्ये १ जानेवारी २०२३ पासून. आता तक्त्याची गरजच नाही. पुढची टोपली कोण टाकणार, अमुक मुलगा किती गुण करणार, यावर सामना चालू असताना फोनवरून पैसे लावता येतात. हरले की पुढच्याच मिनिटाला पुन्हा. हे खेळाडू अठरा ते बावीस वर्षांची विद्यार्थी मुले आहेत. पैसे बुडालेले लोक त्यांना शिव्यांचे निरोप पाठवतात. म्हणूनच मार्च २०२४ मध्ये एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एकेका विद्यार्थी-खेळाडूच्या कामगिरीवर लागणारा सट्टा बंद करावा, अशी मागणी राज्यांकडे केली.

आपल्याकडेही हे दूरचे राहिलेले नाही. क्रिकेटचे काल्पनिक संघ निवडून पैसे लावण्याचा खेळ गावोगाव पोहोचला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संमत केला. कायदा आपले काम करील. पण आपल्या घरातले मूल फोनवर नुसता खेळ पाहते आहे की काकांची वही लिहिते आहे, हे घरच्यांनाच ओळखावे लागते. ओळखायची खूण मी सांगते. हरल्यावर ते दुःखी दिसले तर काळजी नको. "थोडक्यात हुकले" असे वारंवार म्हणू लागले, तर मात्र जवळ बसा. रागावू नका, जवळ बसा.

बेवु-बेल्ल

६ एप्रिल २०१९ ला पाडवा होता. मुलीने गुढी उभारली, जावयांनी कडुनिंबाऐवजी कुठूनशी कढीपत्त्याची पाने आणून 'बेवु-बेल्ल' केले. फोनवरून विहीणबाईंनी पंचांग वाचून वर्षफल ऐकवले. पाऊसपाणी कसे, धान्य कसे, कोणत्या राशीला काय. आपणही वर्षाच्या पहिल्या दिवशी भाकीत ऐकतोच की. खरे ठरते म्हणून नव्हे. पुढचे वर्ष सगळ्यांनी मिळून पाहायचे आहे, एवढे त्यातून कळते म्हणून.

त्याच संध्याकाळी उपांत्य सामन्यात व्हर्जिनिया ऑबर्नविरुद्ध दोन गुणांनी मागे होता आणि सामन्याचा एक सेकंदही उरला नव्हता. काइल गाय या मुलाला तीन मुक्त फेक मिळाल्या. तिन्ही आत. ६३-६२. ८ एप्रिलच्या रात्री व्हर्जिनियाने टेक्सास टेकला जादा वेळेत ८५-७७ असे हरवून अजिंक्यपद घेतले, तेव्हा धारवाडात ९ एप्रिलची सकाळ होती. विहीणबाईंचा फोन आलाच. ते वाक्य मी इथे पुन्हा लिहीत नाही. आकडेवारी वाचणारे जावई तिसरे आले, नात दुसरी.

मे महिन्यात मी कुंदा घेऊन धारवाडला गेले. २०२० साली साथीमुळे स्पर्धाच रद्द झाली आणि मार्च कसा सुना गेला. २०२१ पासून बेळगावच्या घरी, कॅलेंडरशेजारी, आमचा कागद पुन्हा लागतो. अंतिम सामना आपल्याकडे सकाळी सातच्या सुमारास, चहाच्या वेळेला असतो; तीन घरी तीन फोन चालू असतात. नियम तीन आहेत. माणशी एकच कागद, पैसे नाहीत, आणि हुकले तर "हुकले" म्हणायचे. "थोडक्यात" हा शब्द वापरायचा नाही.

काकांची वही माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. गेल्या दिवाळीत साफसफाईला ट्रंक काढली, तेव्हा नात इथे आली होती. तिने वही चाळली आणि विचारले, "आजी, हे कोणाचे ब्रॅकेट?" मी तिला शेजारी बसवले आणि सगळे सांगितले.